माझ्या उंचीचा चौकोन

सभेचे अध्यक्ष दिनानाथ वर्तक, मुख्याध्यापिका संपदाताई, दरवर्षी आपल्या मुलांना तपासणारे डॉक्टर क्लेमेंट, सहकारी, पालक, आणि चित्रकलेच्या तासाला कधी गप्प न बसलेल्या माझ्या मुलांनो,

निवृत्तीनिमित्त माझी गुळाने तुला करायचं घाटत होतं, असं कानावर आलं. तुमचं प्रेम कळतं हो, पण एवढा गूळ वसईत मिळाला तरी तराजूचं काय? शेवटी मीच म्हटलं, तुला करायचीच तर झेंडूने करा आणि ती फुलं मला द्या.

व्यासपीठासमोरचा हा पिवळा चौकोन पाहताय ना? त्याची प्रत्येक बाजू माझ्या उंचीएवढी आहे आणि फुलं माझ्या वजनाएवढी. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं, हे बीएमआयचं सूत्र आपण फळ्यावर शिकवतो. ते असं दिसतं. थर जितका जाड, तितका आकडा मोठा. माझा थर पोटरीपर्यंत आलाय. हसा खुशाल, मीही हसते आहे.

पण गेल्या वर्षी तपासणीचे आकडे प्रार्थनेच्या वेळी माईकवर वाचले गेले, तेव्हा चांदीप गावची सलोनी हसली नव्हती. तिचा आकडा सगळ्यांत कमी होता. मुलं हसली आणि दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत यायची बंद झाली. मी घरी गेले, तर तिची आई दारातच म्हणाली, "आमच्या घरात कोन उपाशी नाय, बाई. मग सगल्यांसमोर कशाला सांगितला?"

नुकताच दसरा झाला होता. त्यांची फुलांची शेती, न विकलेला झेंडू अंगणात पडून होता. मी माझा चौकोन आखला, त्यांच्या फुलं तोलायच्या काट्यावर आधी स्वतः उभी राहिले आणि तेवढी फुलं पसरली. मग सलोनीने आपला चौकोन आखला. तिची फुलं घोट्यालाही लागेनात. ती म्हणाली, "बाई, अजून फुलं पाहिजेत."

त्याच आठवड्यात ती आपणहून डॉक्टरांकडे गेली. रक्त कमी निघालं, औषध सुरू झालं. आजची ही फुलं तिनेच पसरली आहेत. म्हणजे मोजणी हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लाजेने पोर घरी बसली तर मोजून काय उपयोग?

चारचौघांत नाव घेतल्याशिवाय पालक जागे होत नाहीत, असं संपदाताई म्हणतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही टेबलावरची शाल मी अजून खांद्यावर घेतलेली नाही. यापुढे एकाही मुलाचा आकडा जाहीर वाचणार नाही, एवढा शब्द मिळाला की घेईन.

आपण सर्वांनी मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, मी ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी हट्ट धरला, तोही मोठ्या मनाने पोटात घाला.

संपदाताई, तुम्ही होकारार्थी मान हलवलीत, मी पाहिलं. पण आकडे माईकवर वाचले होते. हा घ्या माईक.