फाट्यावरचा हात

वकिलाचं ऐकत जा राव, मी न्हाई ऐकलं. "गुन्हा कबूल कर, दंड भर आन् मोकळा हो," म्हणत होता बिचारा. पण मला कोर्टात बोलायची लई खाज!

झालं काय, मी आन् मेव्हणा गाडीवर निघालो होतो. न्हावरे फाट्यावर गावातल्या आबांनी हात केला, म्हणून त्यांनाबी बसवलं. पुढं पोलिसानं ट्रिपल सीटची केस केली.

शिरूरच्या कोर्टात आबा कांदाकाढणी सोडून माझ्यासाठी साक्षीला आले. मी जोरात म्हणालो, "साहेब, माझी काय चूक? ह्या म्हाताऱ्यानं हात केला!"

आबा हळूच उठले. "व्हय साहेब, मीच केला."

दंड भरावाच लागला. त्यानंतरबी आबा फाट्यावर दिसायचे, पण माझी गाडी दिसली की वर केलेला हात खाली घ्यायचे.