नळी बदललेली गाडी

तपासा ना, खुशाल तपासा. राग कशाचा? उलट गाडी बघायला आलेल्यांत तुम्हीच पहिले, कंपनीनं ही गाडी दुरुस्तीला परत बोलावली होती का, असं विचारणारे. बाकीचे येतात, टायरला लाथ मारतात, आरशात भांग बघतात अन्‌ जातात. आरसी बुकावरचा तो चेसिस नंबर कंपनीच्या साईटवर टाकायचा—माझ्या नातीनं, भूमिकानं शिकवलं मला—म्हणजे काही बदलायचं राहिलंय का ते येतं. गोल फिरतंय ना अजून? फिरू द्या, इथं रेंजचं असंच आहे. बसा तोवर, रोहिणीची शाळेतली नोकरी, शाळा सुटली की येईलच. मी तिची आई, पुष्पाबाई. मी तशी जळगावला मुलाकडं असते—सध्या धुळ्याला आहे. गुडघ्याचं औषध चालू आहे इथं. चार दिवस आले आहे.

नळी बदललेली दाखवेल बघा. पेट्रोलची, इंजिनाजवळची. पण ती बदलली कधी, ते तुम्हाला कळायला हवं. तुमची सासुरवाडी बोदवडची म्हणालात ना, मग लेकरंबाळं घेऊन नरडाण्याहून तिकडं जाणं-येणं होणारच.

गाडी पहिल्यांदा माझ्या मुलाची, प्रेमराजची. जळगावला ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे त्याचं. त्यानं एकसारख्या दोन गाड्या घेतल्या, एक घरची, एक दुकानाची. मग आखाजीच्या सणाला रोहिणी माहेरी आली तेव्हा दुकानाची गाडी तिला दिली—दिली म्हणजे विकलीच, पण बाहेर कुणाला देण्यापेक्षा घरात राहिली. रोहिणी मोठी बरं का. यांच्या वडिलांच्या माघारी मी शेतात जायची अन्‌ ही त्याला न्हाऊ घालून, डबा देऊन शाळेत सोडायची, मग स्वतःच्या शाळेत पळायची. असा वाढवलाय तिनं तो भाऊ. किल्ली तिच्या हातात ठेवली अन्‌ म्हणाला, "अक्का, गाडी बठ्ठी ठीक शे." सगळी ठीक, असंच म्हणाला. मी हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. जावई जगदीशराव—ते शेतातल्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करतात, यंत्रातला माणूस—ते सवयीनं बॉनेट उघडायला गेले, तर रोहिणी म्हणाली, माझ्या भावाची गाडी आहे, ती काय तपासायची? त्यांनी हात मागं घेतला अन्‌ हसले.

तर राखीला रोहिणी, जावई, त्यांची भूमिका, हे तिघं निघाले जळगावला. पारोळ्याच्या पुढं वास यायला लागला. रोहिणीला वाटलं, पुढं टँकर आहे त्याचा असेल. टँकर वळून गेला, वास राहिला. जगदीशराव गाडी कडेला घेतात न घेतात तोच बॉनेटमधून धूर, अन्‌ धुरामागोमाग जाळ. भूमिका मागच्या सीटवर झोपलेली, पट्टा लावलेला. रोहिणीनं ती कशी ओढून काढली, तिचं तिला आठवत नाही. अन्‌ जावयांनी—उघडू नये हो, पण उघडलं त्यांनी बॉनेट, उघड्या हातानं, जाळ आत शिरू नये म्हणून. ढाब्यावरच्या माणसांनी वाळू टाकून विझवलं. गाडी वाचली, नीट करून आणली. पण उजव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत त्यांची. वायंडिंगला तांब्याची तार बोटांनीच बसवावी लागते ना—दुकान उघडतात सकाळी, अन्‌ बसून राहतात.

शोरूमवाले म्हणाले, या गाड्यांच्या नळीला भेग पडते, म्हणून कंपनीनं कधीच परत बोलावल्या होत्या. फुकट बदलून देतो, मालकाला फोन केला होता. रोहिणीनं मला फोनवर सांगितलं हे, अन्‌ वर म्हणते, प्रेमराजच्या कानापर्यंत निरोप पोचलाच नसेल, बिचाऱ्याच्या.

बिचाऱ्याच्या.

मी फोन कानाला लावून उभी, अन्‌ मला थंडीतली एक रात्र आठवली. तो जेवायला बसलेला, मी भाकरी वाढतेय, म्हणाला—कंपनीनं बोलावून नळी बदलून दिली, फुकट. मी समजले दुकानातली नळी, ठिबकची. मला काय माहीत, गाडीत पण नळ्या असतात ते. तेवढ्यात फोन वाजला, तर म्हणतो, दुसरी राहू द्या, ती विकायचीच आहे. घरची गाडी, जिच्यात त्याची पोरं बसतात, ती त्यानं नीट करून आणली होती दादा. दुसरीच्या नळीचं त्याला ठाऊक होतं.

फोन ठेवला, अन् रात्री तो जेवायला बसला तेव्हा विचारलं मी. का नाही नेली? म्हणाला, दुकान सोडून कोण जाणार. बरं, नाही नेली, बहिणीला सांगायचं तरी? तर मान वर न करता म्हणतो, "सांगितलं असतं तर तिनं घेतलीच नसती."

अन्‌ आमटी मागितली. मी वाढली हो. वाढली.

सकाळी निघाले तिथून. गुडघा तसा बराय माझा—देव घेऊन आलेय मी देव्हाऱ्यातले, लुगड्यात गुंडाळून. देव उचलून निघालेली बाई चार दिवसांसाठी निघते का? रोहिणीला सांगितलं, तिकडं रंगकाम काढलंय, म्हणून आणले. तिला यातलं काहीच ठाऊक नाही. अजून त्याचीच बाजू घेते. सांगू कसं? एकुलता भाऊ, सांगितलं की माहेर संपलं तिचं. अन्‌ नाही सांगावं तर ताट घेऊन ओवाळेल त्याला, जावई त्या हातानं त्याला पाणी देतील, अन्‌ मी बघत बसायचं. तुम्हाला तरी का सांगतेय? तुम्ही कोण, मी कोण—

काय आलं? काही बाकी नाही ना? मग झालं.

थांबा. स्कूटी आली तिची. तिच्यापुढं यातलं काही काढू नका, पाया पडते.

ये गं. हे नरडाण्याचे दादा, गाडी बघायला आलेत. नाही, रडत कशाला असेन, कांदा चिरत होते मघा. काय? प्रेमराजचा फोन होता? भाऊबीजेला तो इकडं येतोय—

मला न्यायला?

दादा, उठा तुम्ही. किल्ली तिथं खिळ्याला आहे, गाडी बघून घ्या जा. मला हिच्याशी बोलायचंय.