तिरंगी बत्तीखालची पिल्लं

शालू : ...अन् मी सांगते न, तुमची सिग्नलची बत्ती चोरीले नाही गेली. घरातच हाये.

शेषराव : घरात हाये तं दिसत कावून नाही? पेटी पाह्यली, फळी पाह्यली. रिटायर झालो तवा साहेबानं हातात देल्ली होती थे. लाल, हिरवा, पांढरा, तिन्ही खटके चालू. कोण नेईन?

शालू : ज्याच्या खोलीत तुमी पाय ठेवत नाही, त्यानं.

(बडनेरा, भरदुपार. शेषरावांनी जन्मभर रेल्वेत गँगमनकी केली. पोरगा प्रीतम इंजिन चालवणार, हे त्यांनी तो रांगत होता तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पण रेल्वेच्या मेडिकलमध्ये रंगीत ठिपक्यांचं पुस्तक निघालं, त्यातला लाल आकडा पोराला दिसला नाही, आणि तो घरी परतला. मग त्याने मागच्या खोलीत साप आणून ठेवले. तेव्हापासून दोन वर्षं शेषरावांचं आणि त्या खोलीच्या दाराचं बोलणं बंद होतं. आज बत्तीपायी का होईना, त्यांनी दार ढकललं. मागोमाग शालूबाई होत्याच. असा मोका त्या थोड्याच सोडणार!)

शेषराव : हे काय? भर दुपारी खिडकी बंद, अन् लाल बत्ती? घरात गाडी थांबवून राहिला काय?

प्रीतम : बाबा, दार लावा. उजेड येतो.

शेषराव : माही बत्ती दे अगोदर.

प्रीतम : थोडं थांबा. दोनच पिल्लं राहिली.

शेषराव : कायची पिल्लं... अरे बाप्पा! साप!

शालू : अवो, काही करत नाही थे. विष नाही त्यायच्यात. परदेशातली जात हाये, कॉर्न स्नेक म्हणते. हे पाहा पोट, मक्याच्या कणसावाणी दाणेच दाणे.

शेषराव : तू बी यायच्यात?

शालू : तुमी बाहेर रुसून बसले. मी काय करू? पोरगं आत हाये न.

शेषराव : बरं. अन् हे लाल बत्तीचं काय सोंग हाये?

प्रीतम : अकोल्याच्या लुबना मॅडम, जनावरायच्या डॉक्टर. त्यायच्या सापायच्या जोडीची अंडी मी उबवली. मॅडम म्हणाल्या, पिल्लं रंगानं वेगळी करून उद्या घेऊन ये. बरोबर निघाली, तर त्यायच्याकडचे सगळे साप मी सांभाळायचे. नोकरी आहे, बाबा.

शेषराव : रंगानं? अन् तू?

प्रीतम : हो. मी.

शेषराव : सांगतलं का तिले, तुले लाल...

प्रीतम : पह्यल्याच दिवशी सांगितलं. म्हणाल्या, मग कसा ओळखतो थे दाखव.

शेषराव : म्हणजे पुन्हा नापास व्हायले चालला. एकदा झालं थे पुरे नाही? तुह्या मेडिकलच्या दिवशी मी दवाखान्याच्या गेटापाशी पेढे घेऊन उभा होतो गा. तुहं तोंड पाह्यलं अन् पुडा थैलीत टाकला. मंग फलाटावर गँगच्या पोरायले वाटून देल्ले. घरी आणायची छाती नाही झाली.

प्रीतम : मले माहीत नव्हतं.

शेषराव : कसं माहीत राहीन? मी सांगतलंच नाही.

प्रीतम : बसा, बाबा. पांढरा खटका लावतो, मंजे तुमाले नीट दिसन. हे केशरी पिल्लू पाहा. याच्यात काळा रंगच नाही, डोळ्याची बाहुलीसुद्धा काळी नाही. याले अ‍ॅमेल म्हणतात. हे दुधावाणी आहे थे स्नो, त्यात काळाही नाही अन् लालही नाही. ही दोन मी बत्तीशिवाय सांगतो. खरी पंचाईत या दोघांची. एक साधा, पाठीवर लालसर ठिगळं. दुसरा अ‍ॅनरी, त्यात लाल अजिबात नाही, नुसता करडा अन् काळा. मले दोन्ही सारखेच.

शेषराव : सारखे? अरे, हा लाल अन् हा करडा. इथूनच दिसून राहिलं.

प्रीतम : तुमाले. म्हणून तर तुमची बत्ती. आता लाल लावतो. लाल उजेडात लाल ठिगळ फिकं पडते. याचं पडलं ना? साधा. याचं काळंच राहिलं. अ‍ॅनरी.

शेषराव : ...कोणं शिकवलं हे?

प्रीतम : कोणीच नाही. तुमची बत्ती मीच पुसत असतो, बाबा. एकदा इथं पुसता पुसता खटका दाबला गेला.

शालू : डोस्कं चालते त्याचं! बोंडअळीच्या साली नाही का, बार्शीटाकळीले सूर्यभानदादाच्या वावरात सारे जण बोंडं फोडून गुलाबी अळी शोधून राहिले होते. यानं नुसतं फूल पाह्यलं. म्हणे, मामा, हे फूल उमलूनच नाही राहिलं, पाकळ्या मुडपून बसल्या. डोमकळी! अळी त्याच्यातच बसली हाये. दादानं साऱ्या डोमकळ्या तोडून जाळल्या. थोडीबहुत कपाशी तं घरी आली.

शेषराव : मले नाही सांगतलं कोणं.

शालू : माह्या माहेरचं तुमी आयकता कवा?

शेषराव : खिडकी उघड. पाहू दे मले एकेक डबा. ...हं. हा बरोबर. हा बी. हा बी बरोबर. ...थांब. हे चुकलं. करड्याच्या डब्यात लालसर हाये एक.

प्रीतम : नाही, बाबा. बत्तीत काळाच राहिला होता थो.

शेषराव : बत्तीचं मले नको सांगू, जन्म गेला माहा. डोळ्यानं दिसून राहिलं न!

प्रीतम : डबा अंगणात न्या. मग सांगा.

शालू : जा न, पाहून या. ...काय झालं? काय निघालं?

शेषराव : करडा हाये.

शालू : मंग इथं लाल कसा दिसला?

शेषराव : तुह्या पदरानं. खिडकीपाशी वाकून उभी हायेस, ऊन तुह्या लाल लुगड्यातून डब्यात पडून राहिलं.

शालू : घ्या! म्हणजे तुमीच फसले.

शेषराव : फसलो. पोरगं नाही फसलं. दे गा थे बत्ती. एक लाल ठिगळाचं पिल्लू हातात घे. शालू, खिडकी लाव. आता माह्याकडे पाठ कर, पिल्लाकडंच पाह्य, बत्ती मी मागून लावतो. सिग्नल कोणता?

प्रीतम : ठिगळं फिकी. लाल.

शेषराव : आता?

प्रीतम : काळीकुट्ट झाली. हिरवा.

शेषराव : अन् आता?

प्रीतम : हिरवाच. तुमी नुसता खटका वाजवला.

शेषराव : अरे लेका! बरोबर!

शालू : झालं मेडिकल. पास!

प्रीतम : तिथं साप नेऊ देत नाहीत, आई.

शेषराव : आण, माह्या हातावर दे थे. ...केवढंसं हाये! नखाएवढं डोस्कं, अन् अंगावर काय एकेक ठिगळ बसवलं. इतके दिवस मी दाराबाहेर बसून काय केलं गा?

प्रीतम : बत्ती घ्या, बाबा. काम झालं.

शेषराव : राहू दे तुह्यापाशी. उद्या अकोल्याले काय दाखवशीन? अन् मी बी येतो. बाहेर थांबीन, गेटापाशी.

शालू : पेढे घेऊन?

शेषराव : घेऊन. काही बी होवो, यावेळी घरी आणीन.