काकांच्या जर्सीवरची चंद्रकोर

शनिवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी पिस्कॅटवेच्या पार्कात माझी तीन वर्षांची मनू दिसेनाशी झाली. शोधत गेले तर ती एका बाकावर, निळी फुटबॉल जर्सी घातलेल्या सुदानी काकांशेजारी बसलेली. त्यांच्या छातीवरच्या चंद्रकोरीला बोट लावून म्हणत होती, "मम्माची टिकली."

काकांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. "सिस्टर, तुम्हीपण आमच्याच क्लबच्या?"

पोरगी सापडली होती, मी हो म्हणून टाकलं.

"क्लबला नाव सुचेना, तेव्हा कुणीतरी वर चंद्र बघितला आणि त्याचंच नाव दिलं म्हणतात," ते हळूच म्हणाले. "आता आमच्या देशातल्या लढाईमुळे टीम परक्या देशात खेळते. मैदान तिकडे राहिलं, चंद्र बरोबर आला."

आम्ही तिघं उगाच आभाळाकडे बघत बसलो.

रविवारी दुपारी ते तिथेच फोनवर मॅच बघतात, एकटेच. मी जाणार आहे. चंद्रकोर लावणाऱ्या सगळ्याजणींना कळवा.