लाल म्हणजे यकृताकडे

...आणि ते गारढोण जेल पोटावर थापायच्या आधी माणसाला 'थापतोय हं' एवढं तरी सांगावं की नाही? तुम्हाला सांगतो, उभा जन्म मी शरीररचना शिकवली, इतकी प्रेतं उघडून दाखवली, त्यातलं एकही कधी गार लागतं म्हणून कुरकुरलं नाही! आता माझंच पोट उघडं, भोवती सोनोग्राफी शिकणारी पोरं, दाराशी बायको, आणि डॉक्टर, माझाच विद्यार्थी बरं का, खुशाल सांगतोय, "सरांच्या यकृतात गाठ आहे. पोर्टल शिरेतलं रक्त यकृताकडे जात असेल तर काढू. मागे फिरत असेल तर हात लावायचा नाही." पेशंटच्या तोंडावर! हे मीच शिकवलंय त्याला... म्हणजे, शिकवलं असावं. माझं चुकत असेल हं.

आता बाकीच्या शिरा कशा, आपलं रक्त घेऊन मुकाट हृदयाकडे जातात; या पोर्टल शिरेचं तसं नाही, आतड्यांची शीर आणि प्लीहेची शीर स्वादुपिंडामागे भेटतात, एक होतात, आणि आधी यकृताच्या दारात, बाजारातून आलेल्या नवऱ्याने बायकोसमोर पिशवी उपडी करावी तशी! यकृत निबर झालं की दार उघडत नाही, मग रक्त आल्या वाटेने परत.

एक मुलगी पडद्याकडे बघून म्हणाली, "लाल दिसतंय सर. लाल म्हणजे यकृताकडे." डॉक्टर म्हणाला, छान, मग ऑपरेशन ठरवू. बायकोने दाराला टेकून डोळे मिटले...

शहाण्याने काय करावं? पोट पुसावं, चपला घालाव्यात, घर गाठावं! पण माझी नजर गेली पडद्याच्या कडेच्या रंगपट्टीवर, कुठला रंग म्हणजे कुठली दिशा ते तीच सांगते. नेहमी वर लाल, खाली निळा. इथे कुणीतरी उलटी करून ठेवलेली! म्हणजे रक्त मागे चाललेलं, आणि ते कुणाच्या लक्षातच नाही... राहवेना हो! "बाळ, आधी पट्टी बघ," म्हटलं, "माझं चुकत असेल हं."

डॉक्टरने बटण दाबलं. शीर निळीशार. म्हणजे हात लावायचा नाही.

"बघा, याला म्हणतात शिक्षक," तो पोरांना म्हणाला, आणि टाळ्या वाजवल्या हो त्यांनी! मी पडल्यापडल्या मान लववून त्या घेतल्यासुद्धा.

बाहेर बायको म्हणाली, "जन्मभर 'चुकत असेल, चुकत असेल' म्हणून जीव खाल्लात माझा. आज एक दिवस चुकायला काय झालं होतं?"

तेवढ्यात डॉक्टर मागून धावत आला. पुढच्या महिन्यात पोरांची परीक्षा, त्यांना तपासायला केस म्हणून याल ना सर? म्हटलं, येतो की, नक्की येतो...

माझं चुकत असेल हं.