सोळा पूर्ण, पालकांची सही

...आणि वर सही मलाच करायला लावली हो! नाही, तुम्हीच सांगा, पोरगं शाळा सोडून चाललंय, राजरोस, कायद्याने चाललंय, आणि त्याला सोडणारा कोण? तर वर्गशिक्षक म्हणून मी! म्हणजे कैद्याने कैद्याला दार उघडून द्यायचं आणि स्वतः परत आत जाऊन बसायचं! कायदाच तसा आहे म्हणे... सोळा वर्षं पूर्ण, पालकांची सही, वर्गशिक्षकांशी एकदा बोलणं आणि त्यांचीही सही, की झाला मोकळा. त्याला कायदा आहे हो, मला काय आहे?

तुम्हाला सांगतो, त्या पोराला सगळा वर्ग 'शिट्टी' म्हणतो, कारण... कारण काय, शिट्टी वाजवतो! भूमितीत वाजवतो, इतिहासात वाजवतो. तर हा शिट्टी आला आईला घेऊन. मी चेहरा गंभीर केला, नियमाप्रमाणे विचारलं, "बाळा, शाळा का सोडावीशी वाटते?" तर म्हणतो कसा, "सर, रोज तेच तेच. त्याच भिंती, तीच घंटा, तोच धडा. जीव विटलाय." अहो, माझ्या तोंडचे शब्द! तो धडा मी जन्मभर शिकवतोय, याने एकदाच ऐकला... बरं, नापास झाला म्हणून दोनदा. आणि जीव कुणाचा विटला? याचा! आई बिचारी म्हणते, "सर, तुम्हीच समजवा ना याला, शाळा किती चांगली असते ते." मी चारी भिंतींकडे बघितलं, वर छताकडे बघितलं हो! शेवटी म्हटलं, "पंखे चांगले आहेत." आणि केली सही.

आता कुठे असतो माहितीये? शाळेसमोर त्याच्या मामाचं किल्ल्या बनवायचं दुकान आहे, तिथे! माझ्या वर्गाच्या खिडकीतून समोर दिसतो. मी फळ्यावर त्रिकोण काढतोय, हा स्टुलावर पाय हलवत चहा पितोय. मी घसा फोडतोय, हा किल्ली घासत शिट्टी वाजवतोय, मोठ्याने, आणि 'गप रे' म्हणणारं कुणी नाही! जळतो हो मी, खोटं कशाला बोलू? अंगाचा नुसता तिळपापड होतो. त्याला कायदा आहे, मला काय आहे?

बायकोला म्हटलं, "मीही सोडू का शाळा?" ती म्हणाली, "म्हणजे दिवसभर घरी बसून मला शिकवणार? काही गरज नाही."

मग आज सकाळी दाढी करताना लख्ख उजेड पडला. सोळा पूर्ण? माझी सोळा तीनदा पूर्ण होऊन गेली. वर्गशिक्षक? मीच. राहिली पालकांची सही... अहो, आई आहे की माझी! चांगली ठणठणीत! राजीनामा लिहिला, गेलो तिच्या खोलीत, कागद पुढे धरला, म्हटलं, "आई, इथे सही कर. मला शाळा सोडायचीय."

तिने चष्मा लावला. कागद नाही वाचला, मलाच वाचलं, वरपासून खालपर्यंत. "पोट दुखतंय?"

"नाही गं."

कपाळाला हात लावून पाहिला. "तापही नाही. मग चल, चपला घाल. दुसरीत होतास तेव्हाही हीच नाटकं!"

घातल्या! काय करता? पण या सगळ्यात झाला उशीर. दुकानासमोरून मान खाली घालून सटकतोय, तर स्टुलावरून हाक, "सर, घंटा झाली! पळा, पळा!"

...आणि तुम्हाला सांगतो, पळालो हो.