पलीकडच्या पत्रावळी

मंडळी, ऐका. एक विचारतो. ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, त्याच्यापुढं माणसानं किती वेळ बसावं? — मागं शाळेची पोरं हसली. त्यांना वाटलं, महाराज आज परीक्षेवर बोलणार. परीक्षेवरच बोलणार आहे, बाळांनो!

निवृत्ती नावाचा एक माणूस. सरकारी रोपवाटिकेत हंगामी कामाला. कायम व्हायचं तर लेखी परीक्षा, आणि वयामुळं ही शेवटची संधी. नापास झाला की काम जाणार, आणि लेक वेणू मामाच्या घरी जाणार. आई नव्हती तिला. द्वारका, निवृत्तीची बायको, उन्हाळ्यात गेली. सकाळी बोलत होती, दुपारी नव्हती.

पेपर हातात आला. पहिलाच प्रश्न — निरोगी दिसणारं रोप अचानक का मरतं?

झालं! रोज रोपं लावणारे हात थांबले. रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसून तो हेच तर विचारत होता — का? आजूबाजूला कागद उलटत होते, हा तिथंच. पहिलं टाकून दुसरं कसं घ्यायचं?

इतक्यात शिपाई पाणी घेऊन आला. नको म्हणेल त्याच्यापाशी थांबत नव्हता, पुढच्या बाकाकडं जात होता. निवृत्तीला गावजेवण आठवलं. सरपंचांना लाडवाचा आग्रह करत तो उभा राहिला होता. — तुम्हीही असेच उभे राहता मंडळी, ठाऊक आहे मला! — सरपंच नको म्हणतात, हा हटत नाही. तेव्हा भाताची परात घेऊन मागून द्वारका म्हणाली होती, "अहो, एकापाशी किती वेळ? पलीकडच्या पत्रावळी कोरड्या आहेत. आधी सगळी पंगत वाढा, मग फिरून या."

निवृत्तीनं पहिल्या प्रश्नाला जागा सोडली. अख्खा पेपर वाचला. येत होतं ते आधी लिहिलं — माती, खत, कलमं. दोन गुणांच्या प्रश्नाला दोनच ओळी. मग फिरून पहिल्यापाशी आला. जास्त पाणी, वाळवी, कुजलेली मुळं — ठाऊक होतं तेवढं लिहिलं. बैठक क्रमांक पुन्हा पाहिला आणि पेपर दिला.

घरी आला. उंबऱ्यावर टेकणार, तोच आत नजर गेली. वेणू एकटीच जेवत होती. ताटात नुसता कोरडा भात. किती दिवस ती अशी जेवत होती? ह्याचंही उत्तर त्याला येईना. तो आत गेला. वरण गरम केलं, तिला वाढलं, शेजारी बसला.

"बाबा, पेपर कसा गेला?"

"एक प्रश्न पुरा आला नाही. बाकीचे लिहिले."

पुढं तो पास झाला, वेणू घरीच राहिली. पण मंडळी, तो पास झाला कुठं? त्या वर्गात, की त्या ताटापाशी?

तुमच्याही घरात असा एक प्रश्न असेल. उत्तर पांडुरंगाला ठाऊक. तो प्रश्न पुसून टाका असं मी म्हणत नाही. त्याला जागा सोडा. आणि आज घरी गेल्यावर आधी बघा, कुणाची पत्रावळ कोरडी आहे.

घ्या टाळ. पांडुरंगाचं नाव घेऊ, आणि ज्याचं त्याला वाढायला उठू.